एक्सचेंज सर्व्हर आणि नवीन ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन : इन्स्टॉलेशन का अडतं आणि काय करायचं?

ऑफिसातले जुने डोमेन कंट्रोलर बदलून नवीन विंडोज सर्व्हर बसवले, लॉगिन चालू, फाइल शेअरिंग चालू, प्रिंटर चालू. सगळं ठीक. मग मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल किंवा अपग्रेड करायला घेतलं की सेटअप तपासणीच्या पायरीवरच थांबतो आणि एरर दाखवतो. कधी 'फॉरेस्ट फंक्शनल लेव्हल पुरेशी नाही', कधी 'ॲक्टिव्ह डिरेक्टरी अस्तित्वात नाही किंवा तिच्याशी संपर्क होत नाही'. डोमेन तर समोर चालू दिसतंय, मग हा सेटअप असं का म्हणतो?

या लेखात आपण मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सर्व्हरच्या बाबतीत हा प्रश्न नीट समजून घेऊ. स्वतःच्या जागेत मेल सर्व्हर ठेवणाऱ्या ऑफिसांमध्ये एक्सचेंज खूप वापरलं जातं आणि डोमेनशी त्याइतकं घट्ट बांधलेलं दुसरं मेल सॉफ्टवेअर क्वचितच सापडेल.

(लेखातल्या सगळ्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा.)

एक्सचेंजला डोमेन लागतंच कशाला?

एक्सचेंज ५.५ पर्यंत या सॉफ्टवेअरची स्वतःची वेगळी डिरेक्टरी होती. विंडोज २००० सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि एक्सचेंज २००० पासून मेल सर्व्हरने तीच वापरायला सुरुवात केली. आजही तसंच आहे. मेल, म्हणजे प्रत्यक्ष पत्रं, एक्सचेंजच्या डेटाबेसमध्ये असतात. पण कोणाचा मेलबॉक्स कुठल्या सर्व्हरवर, कोणाचे ईमेल पत्ते कोणते, बाहेर जाणारा मेल कुठल्या कनेक्टरने जायचा, ॲडमिनला काय अधिकार, ही सगळी माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीत असते.

म्हणून डोमेनमध्ये काहीही मोठा बदल झाला की त्याचा धक्का एक्सचेंजला बसतो. आणि उलटंही खरं आहे. एक्सचेंज इन्स्टॉल करणं म्हणजे एका सर्व्हरवर प्रोग्रॅम टाकणं नव्हे, तर संपूर्ण फॉरेस्टमध्ये कायमचा बदल करणं.

तीन प्रश्न, जे लोक एकच समजतात

बहुतेक गोंधळ इथेच होतो. 'हे एक्सचेंज विंडोज सर्व्हर २०१९ वर चालतं का?' असा एक प्रश्न विचारला जातो, पण त्यात तीन वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात :

१. ज्या मशीनवर एक्सचेंज बसणार, त्या मशीनचं विंडोज कोणतं?
२. डोमेन कंट्रोलरवर कोणतं विंडोज आहे?
३. डोमेनची आणि फॉरेस्टची फंक्शनल लेव्हल काय आहे?

तिन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात. उदाहरणार्थ, एक्सचेंज २००३ सर्व्हिस पॅक २ हे विंडोज सर्व्हर २००८ च्या डोमेन कंट्रोलरसोबत काम करायचं, पण विंडोज २००८ च्या मशीनवर ते इन्स्टॉल होत नव्हतं. एक्सचेंज २०१६ चंही तसंच : विंडोज सर्व्हर २०१९ वर ते बसवायला सपोर्ट नाही, पण अपडेट केलेलं असेल तर २०१९ च्या डोमेन कंट्रोलरसोबत ते चालतं. त्यामुळे डोमेन नवीन झालं म्हणून मेल सर्व्हरच्या मशीनवरही तेच नवं विंडोज टाकायचं, असा नियम लावू नका.

प्रश्न १ : एक्सचेंजच्या मशीनवर कोणतं विंडोज?

- एक्सचेंज २००७ : मूळ आवृत्ती विंडोज सर्व्हर २००३ च्या ६४ बिट आवृत्तीवर. २००८ साठी सर्व्हिस पॅक १ लागला, २००८ आर२ साठी सर्व्हिस पॅक ३.
- एक्सचेंज २०१० : विंडोज सर्व्हर २००८ आणि २००८ आर२. २०१२ वर टाकायचं तर सर्व्हिस पॅक ३.
- एक्सचेंज २०१३ : २००८ आर२ आणि २०१२. २०१२ आर२ साठी सर्व्हिस पॅक १. विंडोज सर्व्हर २०१६ वर नाही.
- एक्सचेंज २०१६ : २०१२ आणि २०१२ आर२. विंडोज सर्व्हर २०१६ साठी क्युम्युलेटिव्ह अपडेट ३ किंवा पुढचं. २०१९ वर नाही.
- एक्सचेंज २०१९ : विंडोज सर्व्हर २०१९. २०२२ साठी क्युम्युलेटिव्ह अपडेट १२, २०२५ साठी १५.
- एक्सचेंज सबस्क्रिप्शन एडिशन : विंडोज सर्व्हर २०१९, २०२२ आणि २०२५.

यादी वाचताना एक गोष्ट लक्षात येईल. एक्सचेंजची पहिली आवृत्ती तिच्या वेळचं विंडोज ओळखते, त्यानंतर आलेलं विंडोज ओळखायला नंतरचा सर्व्हिस पॅक किंवा क्युम्युलेटिव्ह अपडेट लागतो. म्हणून कपाटातली जुनी डीव्हीडी किंवा कधीकाळी डाउनलोड करून ठेवलेली आयएसओ फाइल काढून इन्स्टॉल करू नका. एक्सचेंज २०१३ पासून प्रत्येक क्युम्युलेटिव्ह अपडेट हा संपूर्ण इन्स्टॉलर असतो. सर्वांत शेवटचा घ्या, थेट त्यावरूनच नवीन सर्व्हर उभा करता येतो.

आणखी एक : एक्सचेंज बसलेल्या मशीनचं विंडोज जागच्या जागी अपग्रेड करू नका. त्याला सपोर्ट नाही. नवीन मशीन उभं करायचं, मेलबॉक्स हलवायचे, जुनं एक्सचेंज रीतसर काढायचं. वेळ जास्त लागतो, पण मेल चालू राहतो.

प्रश्न २ आणि ३ : डोमेन कंट्रोलर आणि फंक्शनल लेव्हल

फंक्शनल लेव्हल म्हणजे 'या फॉरेस्टमध्ये यापेक्षा जुना डोमेन कंट्रोलर असणार नाही' असं ॲक्टिव्ह डिरेक्टरीला दिलेलं वचन. सगळे डोमेन कंट्रोलर नवीन बसवले तरी लेव्हल आपोआप वाढत नाही, ती हाताने वाढवावी लागते. म्हणूनच सर्व्हर २०१६ चे आणि फंक्शनल लेव्हल मात्र २००८ ची, असं चित्र बऱ्याच ठिकाणी असतं आणि सेटअप नेमका तिथेच थांबतो.

फॉरेस्टची किमान लेव्हल अशी लागते : एक्सचेंज २०१३ ला विंडोज सर्व्हर २००३. एक्सचेंज २०१६ ला सुरुवातीला २००८ आणि क्युम्युलेटिव्ह अपडेट ७ पासून २००८ आर२. एक्सचेंज २०१९ ला २०१२ आर२.

लेव्हल वाढवायची कमांड एका ओळीची आहे, पण घाई करू नका. मागे येणं काही ठराविक परिस्थितीतच जमतं, त्यावर भिस्त ठेवता येत नाही. आधी खात्री करा की सध्या चालू असलेलं जुनं एक्सचेंज नव्या लेव्हलसोबत आणि नव्या डोमेन कंट्रोलरसोबत चालेल. एक्सचेंज २०१० चं उदाहरण बघा. विंडोज सर्व्हर २०१६ बाजारात आलं २०१६ साली, पण त्याच्या डोमेन कंट्रोलरसाठी एक्सचेंज २०१० ला सपोर्ट मिळाला तो सर्व्हिस पॅक ३ च्या रोलअप २२ मध्ये, म्हणजे २०१८ च्या जूनमध्ये. मधल्या काळात ज्यांनी डोमेन कंट्रोलर बदलले ते सपोर्टच्या बाहेर गेले.

विंडोज सर्व्हर २०१९ आणि २०२२ मध्ये नवीन फंक्शनल लेव्हल आलीच नाही, यादीत सर्वांत वरची लेव्हल २०१६ हीच दिसते. त्यामुळे '२०२२ ची लेव्हल का दिसत नाही?' म्हणून शोधत बसू नका. नवीन लेव्हल आली ती थेट विंडोज सर्व्हर २०२५ मध्ये.

जुन्या डोमेनमध्ये अजून एक अडथळा असतो : सिसव्हॉल फोल्डरचं रेप्लिकेशन. ते अजून जुन्या एफआरएस पद्धतीवर असेल तर विंडोज सर्व्हर २०१९ किंवा पुढचा डोमेन कंट्रोलर जोडताच येत नाही. आधी ते डीएफएसआर पद्धतीवर न्यावं लागतं.

स्कीमा : इथे मागे फिरता येत नाही

ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कोणत्या प्रकारच्या नोंदी असू शकतात आणि त्यांना कोणते रकाने असतात, याचा आराखडा म्हणजे स्कीमा. एक्सचेंज त्यात स्वतःचे शेकडो रकाने वाढवतं. वाढवलेली गोष्ट स्कीमातून पुसता येत नाही, फार तर बंद करून ठेवता येते. म्हणून या पायरीआधी किमान एका डोमेन कंट्रोलरचा, शक्यतो स्कीमा मास्टरचा, सिस्टिम स्टेट बॅकअप घेणं आवश्यक आहे.

स्कीमाचे दोन वेगळे आकडे असतात आणि त्यांची सरमिसळ होते.

पहिला विंडोजचा, त्याला 'ऑब्जेक्ट व्हर्जन' म्हणतात. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ ला तो ६९, २०१६ ला ८७, २०१९ आणि २०२२ दोन्हींना ८८.

दुसरा एक्सचेंजचा, तो 'रेंज अपर' नावाच्या रकान्यात असतो. एक्सचेंज २०१० सर्व्हिस पॅक ३ ला १४७३४, एक्सचेंज २०१३ क्युम्युलेटिव्ह अपडेट ७ पासून १५३१२, एक्सचेंज २०१६ च्या क्युम्युलेटिव्ह अपडेट २१ पासून १५३३४, एक्सचेंज २०१९ च्या क्युम्युलेटिव्ह अपडेट १० पासून १७००३.

पहिला आकडा वाढला म्हणून दुसरा वाढत नाही. नवीन डोमेन कंट्रोलर जोडल्यावर विंडोजचा आकडा पुढे जातो, एक्सचेंजचा तिथेच राहतो. तो वाढवायला सेटअपच्या तीन पायऱ्या असतात :

१. प्रिपेअर स्कीमा. ही पायरी ज्या खात्याने चालवता ते 'स्कीमा ॲडमिन्स' आणि 'एंटरप्राइझ ॲडमिन्स' दोन्ही गटांत हवं. मशीन स्कीमा मास्टर असलेल्या डोमेनमध्ये आणि त्याच साइटमध्ये हवं. 'नेटडॉम क्वेरी एफएसएमओ' या कमांडने स्कीमा मास्टर कोण ते कळतं.
२. प्रिपेअर एडी. इथे एक्सचेंजची ऑर्गनायझेशन आणि सिक्युरिटी ग्रुप तयार होतात.
३. प्रिपेअर डोमेन. मेल वापरणारे लोक ज्या ज्या डोमेनमध्ये आहेत तिथे.

प्रत्येक पायरीनंतर रेप्लिकेशन पूर्ण होऊ द्या. पुण्यातला डोमेन कंट्रोलर बदल घेऊन बसलाय आणि नागपूरच्या शाखेतल्याला अजून पत्ताच नाही, अशा वेळी पुढची पायरी चालवली तर 'ऑर्गनायझेशनच्या नोंदी सापडत नाहीत' असा एरर येतो. 'रेपॲडमिन /रिप्लसमरी' मध्ये एकही फेल नको.

एक छोटी पण हैराण करणारी गोष्ट : परवाना मान्य करण्याचा जो स्विच जुन्या लेखांमध्ये दिलेला असतो, तो सप्टेंबर २०२१ पासूनच्या क्युम्युलेटिव्ह अपडेट्समध्ये बदलला. आता त्याच्या शेवटी डायग्नोस्टिक डेटा चालू की बंद हेही लिहावं लागतं. जुनी कमांड कॉपी-पेस्ट केली की सेटअप सुरूच होत नाही.

आणि डोमेनमध्ये विंडोज सर्व्हर २०२५ चे डोमेन कंट्रोलर असतील तर विशेष सावध राहा. स्कीमा मास्टर २०२५ वर असताना एक्सचेंजची स्कीमा वाढवल्यास काही रकान्यांत दुहेरी नोंदी होऊन रेप्लिकेशन बिघडू शकतं, असा इशारा एक्सचेंजच्या टीमनेच दिला होता. सुरक्षित उपाय सोपा आहे : ही पायरी करण्याआधी स्कीमा मास्टरची भूमिका २०२२ किंवा त्याआधीच्या डोमेन कंट्रोलरवर हलवा.

डोमेन कंट्रोलर आहे, पण एक्सचेंजला दिसत नाही

जुने डोमेन कंट्रोलर बंद केले आणि एक्सचेंजच्या सर्व्हिस सुरूच होईनात, ही नेहमीची तक्रार. कारण असं की एक्सचेंज प्रत्येक डोमेन कंट्रोलरची स्वतः परीक्षा घेतं आणि पास झालेलेच वापरतं. त्याचा निकाल ॲप्लिकेशन लॉगमध्ये २०८० क्रमांकाच्या इव्हेंटमध्ये मिळतो. तिथे प्रत्येक सर्व्हरच्या नावापुढे आकड्यांची रांग असते : संपर्क होतो का, ग्लोबल कॅटलॉग आहे का, 'सॅकल' अधिकार आहे का, वगैरे.

या रांगेत सॅकलच्या जागी ० दिसलं तर दुखणं सापडलं. याचा अर्थ त्या डोमेन कंट्रोलरवर 'एक्सचेंज सर्व्हर्स' गटाला ऑडिटिंग आणि सिक्युरिटी लॉग हाताळायचा अधिकार मिळालेला नाही. हा अधिकार प्रिपेअर डोमेनची पायरी 'डीफॉल्ट डोमेन कंट्रोलर्स पॉलिसी' मधून देते. तो पोचत नाही याची नेहमीची कारणं दोन : नवीन सर्व्हर 'डोमेन कंट्रोलर्स' या ओयूमधून कोणीतरी दुसरीकडे हलवला, किंवा दुसरी एखादी ग्रुप पॉलिसी तो अधिकार झाकून टाकते. सर्व्हर जागेवर आणा, पॉलिसी दुरुस्त करा, 'जीपीअपडेट' चालवा, मग परत २०८० बघा.

शाखांमध्ये रीड-ओन्ली डोमेन कंट्रोलर ठेवले असतील तर तेही लक्षात घ्या. विंडोज सर्व्हर २००८ पासून ही सोय आहे, पण एक्सचेंज त्यांचा उपयोग करत नाही. ज्या साइटमध्ये एक्सचेंज आहे तिथे लिहिता येणारा डोमेन कंट्रोलर आणि ग्लोबल कॅटलॉग हवाच.

मेलेल्या सर्व्हरच्या नोंदी

एक्सचेंज २०१९ चा सेटअप फॉरेस्टमध्ये एक्सचेंज २०१० सापडलं तर पुढे जात नाही. एक्सचेंज २०१६ चा सेटअप २००७ पाहून थांबतो. एक्सचेंज २०१९ चं क्युम्युलेटिव्ह अपडेट १५ तर २०१३ सुद्धा चालवून घेत नाही.

'पण आमचं २०१० कधीच बंद झालं!' असं बरेच जण म्हणतात. मशीन बंद झालं असेल, हार्ड डिस्क भंगारात गेली असेल, पण एक्सचेंज अनइन्स्टॉल केलं नसेल तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या कॉन्फिगरेशन विभागात त्याची नोंद जिवंतच असते. सेटअप ती नोंद बघतो, मशीन नव्हे. योग्य मार्ग म्हणजे त्याच नावाचं मशीन उभं करून सेटअपच्या 'रिकव्हर सर्व्हर' मोडने एक्सचेंज परत आणणं आणि मग रीतसर अनइन्स्टॉल करणं. एडीएसआय एडिटने नोंद खोडणं हा शेवटचा उपाय. तिथे चुकीच्या ओळीवर डिलीट दाबलं तर चालू सर्व्हरही जातो.

नावांचे प्रश्न

डोमेनचं नाव '.लोकल' ने संपत असेल तर एक्सचेंज इन्स्टॉल होतं, पण सर्टिफिकेटला अडचण येते. नोव्हेंबर २०१५ नंतर सार्वजनिक सर्टिफिकेट संस्थांना अशा अंतर्गत नावांची सर्टिफिकेट देता येत नाहीत. उपाय म्हणजे आत आणि बाहेर एकच सार्वजनिक नाव वापरायचं आणि आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला आयपी पत्ता द्यायचा. एक्सचेंजचे सगळे अंतर्गत यूआरएल त्या नावावर आणले की आउटलुकची सर्टिफिकेट वॉर्निंग थांबते.

सोबतचे घटक

डॉटनेट फ्रेमवर्कची प्रत्येक आवृत्ती एक्सचेंजच्या प्रत्येक अपडेटला चालत नाही. २०१६ च्या सुरुवातीला विंडोज अपडेटमधून डॉटनेट ४.६.१ यायला लागलं तेव्हा एक्सचेंज त्यासाठी तयार नव्हतं. एक्सचेंजच्या मशीनवर विंडोज अपडेट बेधडक चालू न ठेवता आधी सपोर्टचा तक्ता पाहावा, तो यामुळेच. नवीन मशीनवर डॉटनेट, व्हिज्युअल सी प्लस प्लसचे रनटाइम, यूसीएमए आणि आयआयएसचं यूआरएल रीराइट हे घटक आधी टाकून घ्या.

कामाचा क्रम

१. मायक्रोसॉफ्टचा 'एक्सचेंज सपोर्टॅबिलिटी मॅट्रिक्स' उघडा आणि वरच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.
२. 'डीसीडायग' आणि 'रेपॲडमिन' चालवून डोमेनची तब्येत तपासा. आजारी डोमेनवर एक्सचेंज बसवू नका.
३. सिस्टिम स्टेट आणि मेल डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या.
४. जुन्या एक्सचेंजला त्याचं शेवटचं अपडेट लावा.
५. मग डोमेन कंट्रोलर, मग फंक्शनल लेव्हल, मग स्कीमा, सगळ्यांत शेवटी नवीन एक्सचेंज.
६. अडलं तर सी ड्राइव्हवरच्या 'एक्सचेंज सेटअप लॉग्ज' फोल्डरमधली लॉग फाइल खालून वर वाचा. मायक्रोसॉफ्टची 'सेटअप असिस्ट' ही मोफत स्क्रिप्टही कारण शोधायला मदत करते.

नेहमीचे प्रश्न

डोमेन कंट्रोलरवरच एक्सचेंज टाकलं तर? तांत्रिकदृष्ट्या जमतं, पण टाळा. एकदा एक्सचेंज बसलं की त्या मशीनची डोमेन कंट्रोलरची भूमिका काढता येत नाही. पुढचं अपग्रेड दुप्पट अवघड होतं.

एक्सचेंज २०१० वरून थेट नव्यात जाता येईल का? नाही. आधी एक्सचेंज २०१६ उभं करून मेलबॉक्स त्यात हलवा, २०१० अनइन्स्टॉल करा, फॉरेस्टची लेव्हल २०१२ आर२ किंवा वर न्या, मग पुढची उडी.

जुनं चालतंय, मग हात कशाला लावायचा? मार्च २०२१ मध्ये 'प्रॉक्सीलॉगॉन' नावाने ओळखल्या गेलेल्या त्रुटींसाठी मायक्रोसॉफ्टला तातडीने पॅच द्यावे लागले. पहिल्या दिवशी ते फक्त अलीकडच्या क्युम्युलेटिव्ह अपडेट्ससाठी होते. डोमेन किंवा डॉटनेटमुळे ज्यांचं अपडेट रखडलं होतं त्यांच्याकडे पॅच लावायचा मार्गच नव्हता आणि हल्ले तर सुरू झाले होते. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यांची जागा घेणारी सबस्क्रिप्शन एडिशन १ जुलै २०२५ ला आली. एक्सचेंज २०१९ च्या क्युम्युलेटिव्ह अपडेट १४ किंवा १५ वर असाल तर तिच्यावर साध्या अपडेटसारखं जागच्या जागी जाता येतं. त्याहून मागे असाल तर वरचा क्रम आजच कागदावर मांडा. शनिवार-रविवारच्या एका सुट्टीत हे काम होत नाही.